खुराड्याचा धडा

९ जानेवारी

दादा,

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण जुंपतं, म्हणून कागद काढला. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा केवढा फायदा!

तर ऐक. खुराडं झालं! शाळेमागची ती गंजकी सायकलींची शेड अखेर माझ्या पाचवीच्या वर्गाला मिळाली. हेडबाईंनी नाकी नऊ आणले. म्हणाल्या, "आज कोंबड्या आणताय, उद्या म्हैस आणाल." मी म्हटलं, "म्हैस सहावीच्या अभ्यासक्रमाला आहे." पर्यावरणाच्या पुस्तकातलं अन्नसाखळीचं चित्र दाखवलं की माझी पोरं जांभया द्यायची. आता तीच पोरं घंटेच्या आधी शाळेत हजर असतात. डब्यातलं उरलेलं कोंबड्यांना, कोंबड्यांची शीट वाफ्याला, वाफ्यातली भाजी पुन्हा डब्यात. वर्गाच्या भिंतीवर आम्ही याचं हे मोठं वर्तुळ रंगवलंय, बाणांसकट. तू आयुष्यभर जनावरांचा डॉक्टर होऊन जे शिकलास ते माझ्या पोरांना एका महिन्यात आलं.

कोंबड्याचं नाव साहेब, कारण तो काम न करता ओरडतो. एक आहे मावशी, सगळ्यांच्या भानगडीत चोच घालणारी. एकीचा पाय जन्मापासून वाकडा, ती लंगडी. लंगडीवर आमच्या वकीलीणबाईंचा फार जीव. ही माझ्या वर्गातली दोन वेण्यांची मुलगी, प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून पोरांनीच तिला ते नाव पाडलं.

परवा मात्र वाईट झालं. भर मधल्या सुट्टीत मांजर आत शिरलं आणि मावशीला फाडलं. आतडी बाहेर, पिसं रक्तात चिकटलेली, आणि ती तशीच पळत होती. पोरांनी मांजराला कोपऱ्यात गाठून काठ्यांनी झोडपलं. त्याचा कणा मोडला. मी धावत जाईपर्यंत ते पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत चाललं होतं. मी सगळ्यांना रागावले. पण खरं सांगू? आतून बरं वाटलं मला. वकीलीण तेवढी रडत म्हणाली, "बाई, मांजराला पण भूक लागली होती ना?" मी म्हटलं, "आपण पाळलेल्याला आपण मरू द्यायचं नाही." वर्गाला ते इतकं आवडलं की आता रोज हजेरीनंतर सगळे एका सुरात तेच म्हणतात.

कसा आहेस? जेवतोस का वेळेवर?

तुझी धाकटी

१७ जानेवारी

मास्तरीणबाई,

तुझं पत्र ऑफिसातून फिरत फिरत इथे पोचलं. मी एका पोल्ट्रीच्या गोदामात बसून लिहितोय. इकडे बर्ड फ्लू आलाय. पांढरा संरक्षक सूट चढवून मला पथकप्रमुख केलंय. म्हणजे वीस वर्षं ज्यांना सुया टोचून जगवलं त्यांच्या माना मोडायच्या.

तुझ्या वर्गाचं ते वाक्य वाचलं. छान आहे, भिंतीवर लावायला. पण मला एक सांग, तुझ्या त्या मोठ्या वर्तुळात मरण कुठे आहे? बाण खरकट्याकडून निघतो, भाजीकडे जातो, सगळे आनंदात. मावशी कोणत्या बाणावर मेली? आणि मांजर? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे पोरांना शिकवावं लागत नाही, ते त्यांना उपजत येतं. अर्धा धडा शिकवू नकोस. अर्ध्या धड्याचे पूर्ण परिणाम होतात.

तुला वाटेल दादा नेहमीचंच कुरकुरतोय. मग ऐक इथलं. मजुरीवर आणलेल्या माणसांना पहिल्या दिवशी कुणी काही शिकवलंच नाही. ते कोंबड्या मानेला धरून ओल्या फडक्यासारख्या गरगरा फिरवत होते. अर्ध्यामुर्ध्या मेलेल्या पोत्यात भरल्या, पोती खड्ड्यात टाकली, वर चुना टाकला. आणि चुन्याखाली पोती हलत होती. मी खड्ड्यात उतरलो. पोती फाडून एकेक बाहेर काढली आणि हाताने मारली. चुन्याने त्यांचे डोळे जळाले होते. वरून पोल्ट्रीवाल्याच्या बायकोने माझ्या पाठीत फावडं घातलं. बरोबरच केलं तिने.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना उभं करून शिकवलं. एका हातात दोन्ही पाय धरायचे. दुसऱ्या हाताची दोन बोटं डोक्यामागे. मान खाली ताणायची आणि एकदाच, जोराने, मागे वाकवायची. दया आली म्हणून हळू केलं की तिचे हाल होतात. बोटांना सांधा सुटल्याचं कळतं. त्यानंतर पंख फडफडतात, पण तेव्हा ती नसते. हे सगळं तुला का लिहितोय? दुसऱ्या कुणाला लिहू? आईला?

तुमचं गाव अजून आमच्या कोंबड्या मारायच्या हद्दीत नाही. तरी खुराड्याला बारीक जाळी लाव, पोरांना हात धुवायला लाव. एखादी कोंबडी मलूल दिसली तर तिला कुणी हात लावायचा नाही. मला आधी कळव.

दादा

२२ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मी डबा खाताना उघडलं. पुढचं तुला सांगायला नको. तुझ्या पाठीत फावडं घालणारीचा मला पत्ता दे, मी तिला पत्र लिहिते.

दहा वर्षांच्या मुलांना काय शिकवू मी? मान कुठे वाकवायची ते? तू तिकडे मरण बघतोस म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं. माझी पोरं पहिल्यांदा एखाद्या जिवाची काळजी घेतायत. ज्या मुलाने गेल्या वर्षी बेंच कंपासने कोरून काढला, तो आता रोज सकाळी पाण्याची भांडी घासतो. याला तू अर्धा धडा म्हणतोस?

इथे सगळं ठीक आहे. लंगडी दोन दिवस एका कोपऱ्यात बसून आहे, पण थंडीही भयंकर पडलीय. वकीलीण तिला स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसते. तुझ्या पांढऱ्या सूटवाल्यांची इथे गरज नाही.

आणि समजा, समजा तुमची ती हद्द इथवर आलीच, तर शाळा वगळता येते ना? मूठभर तर कोंबड्या. तू प्रमुख आहेस. तू माझा दादा आहेस.

तुझी धाकटी

२५ जानेवारी

धाकटे,

भांडण बाजूला ठेव. लंगडीचा तुरा कसल्या रंगाचा आहे? निळा-काळा पडलाय का? त्या मुलीला तिच्यापासून आजच्या आज लांब कर. तो स्वेटर जाळ.

काल तुमच्या गावाच्या तळ्यावर मेलेली बदकं सापडली. गाव हद्दीत आलंय. शाळा वगळता येत नाही. शाळा तर सगळ्यात आधी. येत्या मंगळवारी सकाळी मी येतोय. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं, पण मग त्याने तुझ्या कोंबड्या फिरवून मारल्या असत्या. मी मारल्या तर निदान नीट मरतील. तुझ्यासाठी मला एवढंच करता येतं.

मुलांना तू स्वतः सांग. खरं सांग, का ते सांग, आणि त्या दिवशी त्यांना घरी ठेव. त्यांना फसवू नकोस. फसवलेली मुलं फार वाईट असतात, आपण दोघं होतोच की.

दादा

२ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

मी मुलांना सांगितलं नव्हतं. रोज सांगायचं ठरवायचे आणि फळ्याकडे तोंड करून दुसराच धडा सुरू करायचे. सोमवारी गावात भोंग्याची गाडी फिरली, त्यातून त्यांना कळलं. मंगळवारी शाळा बंद असूनही ती सगळी आली.

तू काय केलंस ते तुला माहीत आहे, पण माझ्या जागेवरून ते कसं दिसलं ते वाच. चार पांढरी माणसं, तोंड नसलेली. त्यातला माझा भाऊ कोणता ते चालण्यावरून ओळखावं लागलं. पोरं शेडच्या दारात हातात हात घालून उभी होती आणि मी शिकवलेलं वाक्य ओरडत होती. तुझ्या माणसाने पहिल्या मुलाला दंडाला धरून बाजूला भिरकावलं. त्याचं डोकं नळाच्या कट्ट्यावर आपटलं आणि रक्त बघून सगळी बिथरली. चावली, ओरबाडली, लाथा घातल्या. एका मजुराच्या हाताचा लचका तोडला माझ्या वर्गातल्या सगळ्यात गरीब मुलीने. साहेबाला घट्ट धरून बसलेल्या पोराच्या मुठी तुझ्या माणसाने एकेक बोट उलगडून सोडवल्या. आणि तू सगळ्यांच्या देखत साहेबाचे पाय धरलेस आणि दोन बोटं डोक्यामागे घातलीस. पत्रात लिहिलं होतंस अगदी तसंच. तो फडफडत होता आणि पोरं किंचाळत होती, "जिवंत आहे! जिवंत आहे!"

मग दगड आला. तू डोळ्यावर हात दाबून खाली बसलास, बोटांतून रक्त गळत होतं. आणि मी तुझ्याकडे धावले नाही. मी पोरांकडे धावले. दगड कुणी मारला ते विचारू नकोस, मी सांगणार नाही.

भिंतीवरचं वर्तुळ कुणीतरी कोळशाने फराटे मारून खोडलंय. मला पत्र लिहू नकोस.

५ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितोय. जित्याची खोड.

डावा डोळा गेला. डॉक्टरीणबाई फार हळुवारपणे सांगत होत्या, मी म्हटलं, "सरळ बोला, मीही डॉक्टर आहे, फक्त पेशंट चार पायांचे." आता एका डोळ्याने लिहितोय, ओळी वर चढतायत. दगड मारणारी मी पाहिली. दोन वेण्या. नेम चांगला आहे. रिपोर्टात मी लिहिलंय की पाय घसरून पडलो.

आता मुद्द्याचं. जखमी अवस्थेतही मी तुझं खुराडं तपासलं होतं. दांडीखाली जिथे कोंबडी बसते तिथे तिची शीट साठते. जितक्या जागी ताजी शीट होती तितक्या कोंबड्या मला मिळाल्या नाहीत. आणि लंगडी मिळाली नाही. वाकड्या पायाची कोंबडी मी खड्ड्यात टाकली असती तर मला आठवलं असतं. ती सकाळी कुणाच्या तरी दप्तरातून गेली, आणि तिच्याबरोबर आणखीही.

रिपोर्टवर "सर्व पक्षी नष्ट" असं लिहून मी सही केलीय. का केली? तू माझी बहीण आहेस, तुझी नोकरी जाईल, म्हणून केली. आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही केली आणि त्याच दिवशी डोळा गेला. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. त्या कोंबड्या कुठे आहेत? फक्त मला सांग. मी एकटा येईन, सूट न घालता.

दादा

६ फेब्रुवारी

दादा,

तुझा डोळा.

कोंबड्यांचं मला काही माहीत नाही. सगळ्या नेल्यास तू. शीट मोजत बसलास त्यापेक्षा डोळा आधी दाखवायचा होतास.

तू बरा हो.

धाकटी

१३ फेब्रुवारी

दादा,

तुझा फोन बंद आहे. तुझ्या ऑफिसने सांगितलं की तुझं दुसरं ऑपरेशन आहे. म्हणून हे पत्र दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय.

वकीलीण आत आहे. नाकातोंडात नळ्या. शनिवारी ताप चढला, रविवारी श्वास लागला, सोमवारी ओठ निळे पडले. निळे, दादा. तू तुऱ्याचा रंग विचारला होतास.

मी खोटं बोलले. त्या मंगळवारी मी सगळ्यांच्या आधी शाळेत आले होते. शेडमधून कुजबुज ऐकू आली. आत पोरं दप्तरांत कोंबड्या भरत होती, वह्या बाहेर काढून, चोचींना रुमाल बांधून. वकीलीण लंगडीला आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवत होती. तिने वर पाहिलं. तिच्या नजरेत जरासुद्धा भीती नव्हती, उलट मी आता शाबासकी देईन अशी वाट बघत होती. मीच तर शिकवलं होतं. मी पाठ फिरवली आणि वर्गात जाऊन बसले. ती पोरं घरी जाऊन पुन्हा शाळेत आली आणि तुझ्यासमोर उभी राहिली, अर्ध्या रिकाम्या खुराड्यासाठी. तुझ्या माणसाला संशय येऊ नये म्हणून साहेबाला मागे ठेवायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं.

लंगडी वकीलीणीच्या घरी, तिच्या पलंगाखाली खोक्यात होती. खोकं तिच्या उशीखालच्या बाजूलाच.

तिच्या वडिलांना मी दवाखान्याच्या दारात सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. कानात अजून घूं होतंय. मी हात वर केला नाही. मग मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ताबडतोब औषध बदललं. आठवडाभर ते साधा न्यूमोनिया समजत होते. माझ्या एका वाक्यासाठी थांबले होते ते सगळे.

तिथून मी घराघरात गेले. तोंडाला मास्क, हातात मोजे, दवाखान्यातून मागून घेतलेले. पोरं दार उघडायची आणि माझ्याकडे बघून समजायची. एकाच्या माळ्यावर, एकीच्या न्हाणीघरात, एकाच्या आजोबांच्या लाकडी पेटीत. कोंबडी दिली नाही असं एकही घर नव्हतं, पण एकाने कोंबडी माझ्या अंगावर फेकली आणि म्हणाला, "खोटारडी." मी त्यांना म्हटलं, हात लावू नका, पण यायचं असेल तर या, लांब उभे राहा. वकीलीण का आजारी आहे ते मी त्यांना तिथे रस्त्यातच सांगितलं. सगळी पोरं आली. लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

शेडमागे खड्डा होता. तुझं पत्र मला पाठ आहे. एका हातात पाय, दोन बोटं डोक्यामागे. पहिलीला मी हळू केलं. दया आली. ती ओरडली, दादा, कोंबडी तशी ओरडते हे मला माहीत नव्हतं. मान अर्धी वळलेली आणि डोळा माझ्याकडे. मला तेव्हा तू खड्ड्यात उतरलेला दिसलास. मी डोळे मिटले नाहीत. पुन्हा ताणलं आणि जोरात वाकवलं. दुसरी एका झटक्यात गेली. लंगडी शेवटची. ती जवळजवळ मेलेलीच होती, तुरा काळा, मान लटकलेली. तरी पाय हातात घेतल्यावर तो वाकडा पाय माझ्या बोटाला धरून राहिला.

फडफड सुरू झाल्यावर एक मुलगा ओरडला, "जिवंत आहे!" मी म्हटलं, "नाही. मेली. मी मारली. हे फडफडणं नंतरचं." कुणी रडलं नाही. मला वाटलं होतं दगड येईल. नाही आला.

आता सगळ्या पोरांच्या नाकात काड्या घालून तपासलंय. आणखी दोघांना ताप आहे, हलका. वकीलीणीचं उद्यापर्यंत कळेल म्हणतात. मला नोकरी नको, काही नको, ती तेवढी राहू दे.

धाकटी

१६ फेब्रुवारी

धाकटे,

परिचारिकेकडून वाचून घेतलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, लिहितेय तीच. मध्येच ती रडायला लागली म्हणून थांबावं लागलं.

वरच्यांना मी आजच फोन करून सांगितलं की माझी सही खोटी होती. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणजे नोकरी गेली. दोन आठवडे ती कोंबडी त्या मुलीच्या उशाशी होती, त्यातले काही दिवस तुझ्या गप्प बसण्याचे आणि काही माझ्या सहीचे. मी तुला माफ करत नाही. स्वतःलाही करत नाही. नात्यापायी दोघांनी एका पोरीला पणाला लावलं, हे आता आपण दोघांनी मिळून वाहायचं.

पहिली सगळ्यांचीच चुकते. माझीही चुकली होती. तू पुन्हा ताणलंस, तेवढं बरोबर केलंस.

ती पोर जगली तर मला लगेच कळव. नाही जगली तरी तूच कळव, दुसऱ्या कुणाकडून नको.

दादा

२४ फेब्रुवारी

दादा,

जगली.

काल नळी काढली. तिची आई बाहेर येऊन म्हणाली, "तुम्हाला बोलावतेय." दोन वेण्या कापून टाकल्यात, डोकं एवढंसं दिसतं. आवाज घोगरा, पण सूर तोच, समोरच्याला पिंजऱ्यात उभं करायचा.

"बाई, लंगडी कुठे आहे?"

दादा, तिथे एक सोपं वाक्य होतं. आजाराने गेली. अर्धं खरंही होतं. तिची आई मागून मला हाताने खुणावत होती, नका सांगू म्हणून.

मी म्हटलं, "मारली."

"कुणी? त्या पांढऱ्या डॉक्टरांनी?"

"नाही. मी. माझ्या हातांनी."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग विचारलं, "दुखलं का तिला?"

"हो. थोडं."

"तुम्ही म्हणाला होता, आपण पाळलेल्याला मरू द्यायचं नाही."

"मी चुकीचं शिकवलं."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बाकावर बसून राहिले, पुन्हा ती वळलीच नाही. निघताना मी तिच्या पायांवर पांघरूण सारखं करायला गेले, तर तिने पाय झटकन ओढून घेतला. जोरात, दादा. चांगला जोर होता पायात.

तुझी धाकटी